लॉकर कोणत्या मजल्यावर आहे, तेही विचारा

सोनं ठेवायला बँकेचं लॉकरच उत्तम आणि काही झालंच तर बँक भाड्याच्या 100 पट भरपाई देते, असं एका लेखात वाचलं. बरोबर, पण अर्धंच. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमांत ही जबाबदारी आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं आणि कर्मचाऱ्यांची लबाडी यांपुरती आहे. पूर, भूकंप, वीज यांसाठी नाही. आम्हा बडोदेकरांना हे जरा जास्तच टोचतं. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तळमजल्यावर लॉकर असलेल्यांचा जीव टांगणीला लागला होता. सोन्याला पाण्याने काही होत नाही म्हणा, पण नथीचे मोती, लाख भरलेल्या बांगड्या, खाली घडी घालून ठेवलेल्या पावत्या? पावत्यांचे फोटो तरी घरी काढून ठेवा, दागिन्यावरचा सहा अक्षरी हॉलमार्क क्रमांक दिसेल असे.

आणि 100 पटीचं म्हणाल, तर वर्षाचं भाडं 3,000 रुपये असेल तर जास्तीत जास्त 3 लाख. आजच्या भावात त्यात आईच्या पाटल्याही बसायच्या नाहीत. बाकीच्यासाठी वेगळा विमा, दुसरं काय!

ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांनी नॉमिनीचं नाव आधी तपासावं. सात वर्षं लॉकर उघडलं नाही आणि ग्राहकाचा पत्ताही लागला नाही, तर भाडं वेळेवर जात असलं तरी बँक ते उघडू शकते.