स्ट्रीमर फटफटतोय? स्टॅबिलायझर घेण्याआधी हे तपासा

मराठवाड्यातल्या गाणी ऐकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मेसेज फिरतो आहे. म्युझिक स्ट्रीमर म्हणजे नेटवरून किंवा डिस्कवरून गाणी वाजवणारी डबी. मजकूर थोडक्यात असा: "घरच्या म्युझिक स्ट्रीमरमधून फटफट, टकटक आवाज येत असेल तर मशिनला हात लावू नका, दोष आपल्याकडच्या लाईटचा आहे. एक, स्टॅबिलायझर बसवा. दोन, सोन्याचा मुलामा असलेली यूएसबी केबल घ्या. तीन, वायफायमुळे आवाज बिघडतो, ते बंद करा. चार, आउटपुट 192 किलोहर्ट्झवर न्या. पाच, तरीही आवाज राहिला तर प्लगची मोठी पिन काढून टाका."

पाचवा सल्ला जिवावर बेतणारा आहे, म्हणून क्रम मोडून आधी तोच घेऊ.

"मोठी पिन काढून टाका"

मुळीच काढू नका. मोठी पिन अर्थिंगची असते. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग घालताना अर्थ आधी जोडला जातो आणि काढताना शेवटी सुटतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या आत फेजची तार निघून पत्र्याच्या बॉडीला टेकली, तर करंट या पिनेतून जमिनीत जातो आणि एमसीबी किंवा आरसीसीबी (मेन बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) पडते. पिन नसेल तर बॉडीत 230 व्होल्ट तसेच उभे राहतात. अ‍ॅम्प आणि स्ट्रीमर जोडणाऱ्या आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून ते स्ट्रीमरपर्यंतही पोचतात. मग वाट बघायची ती कुणाचा हात लागतो याची.

आणि एवढं करून फटफट जात नाहीच. पिन काढल्यावर कधीकधी जी कमी होते ती अखंड घूंऽ अशी गुणगुण, 50 किंवा 100 हर्ट्झची. ती वेगळी तक्रार आहे. अ‍ॅम्प एका बोर्डावर आणि स्ट्रीमरला जोडलेला टीव्ही किंवा संगणक दुसऱ्या बोर्डावर असला, की दोन्हीकडच्या अर्थमध्ये थोडा फरक पडतो आणि तो आरसीए केबलमधून वाहतो. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. भागलं नाही तर मधे ऑप्टिकल केबल किंवा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका.

अर्थिंग मात्र जरूर तपासून घ्या. उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळते, पाइपाभोवतीची माती आकसून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत खड्ड्यात पाणी घालत राहा. वायरमनला मीटर लावायला सांगा: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन आकडे जवळपास सारखे यावेत, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. घरातला लोड चालू असताना हाच आकडा दहाच्या वर गेला तर न्यूट्रल सैल आहे किंवा अर्थिंग गेलेलं आहे. ते आधी दुरुस्त करा, गाणी नंतर.

"लाईट खराब आहे, स्टॅबिलायझर बसवा"

आपल्याकडे व्होल्टेज हलतं, यात वाद नाही. एका डीपीवर चार मोटरी एकदम सुरू झाल्या की घरातला बल्ब मंदावतो. पण स्ट्रीमरच्या अ‍ॅडॅप्टरवर बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा: इनपुट 100 ते 240 व्होल्ट. आत एसएमपीएस, म्हणजे व्होल्टेज स्वतःच सांभाळणारं सर्किट असतं. बाहेर 180 असो की 235, ते पलीकडे 5 व्होल्टच देतं. स्टॅबिलायझर जे काम करणार ते इथे आधीच झालेलं आहे.

उलट घरगुती स्टॅबिलायझर रिलेवर चालतो. व्होल्टेज बदललं की रिले खट् करून टॅप बदलते, त्या क्षणी पुरवठा काही मिलिसेकंद तुटतो आणि संपर्कावर ठिणगी पडते. त्याच लाइनवर अ‍ॅम्प असेल तर ती ठिणगी स्पीकरमध्ये 'फट्' म्हणून ऐकू येऊ शकते. म्हणजे आवाज घालवायला आणलेली वस्तू आणखी आवाज करणार.

मेसेजमधलं मूळ विधान तपासायला एक पैसाही लागत नाही. लोडशेडिंगची वेळ निवडा. स्ट्रीमर 5 व्होल्ट, 3 अँपिअरच्या पॉवर बँकवर लावा, गाणी पेन ड्राइव्हवरून वाजवा आणि डॅकला (डिजिटल डेटाचा आवाज करणाऱ्या भागाला) थेट हेडफोन जोडा. आता तुमच्या साखळीत महावितरणची लाईटच नाही. तरीही फटफट आली तर लाईट निर्दोष आहे आणि दोष स्ट्रीमर, डॅक, सेटिंग किंवा फाइलमध्ये शोधायचा. आवाज गेला तर एकेक गोष्ट परत जोडत या: आधी अ‍ॅम्प, मग मूळचा अ‍ॅडॅप्टर, मग राउटर. ज्या पायरीला आवाज परत येईल तिथे चोर सापडला.

लाईटमुळे येणारी फट असते, पण तिला ठरलेली वेळ असते: फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला, कूलरचा पंप बंद केला, चोकवाली ट्यूब लागली, त्याच क्षणी एकदा फट्, आणि मग शांत. मोटर किंवा चोकचा करंट तोडताना स्विचमध्ये ठिणगी पडते, तिचा धक्का तारांतून येतो. इलाज ठिणगीच्या जागीच करायचा. त्या स्विचला समांतर 0.1 मायक्रोफॅरडचा एक्स-2 वर्गाचा, 275 व्होल्ट एसीचा कपॅसिटर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये 100 ओहमचा रेझिस्टर वायरमनकडून लावून घ्या. साधा डीसी कपॅसिटर तिथे चालत नाही, तो पेट घेऊ शकतो. कूलर आणि फ्रीज वेगळ्या सर्किटवर गेले तर उत्तमच.

खरी गडबड बहुतेक वेळा 230 च्या बाजूला नसून 5 व्होल्टच्या बाजूला सापडते, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डावर (पुढे नुसतं 'पाय') बनवलेला स्ट्रीमर मोबाइलच्या चार्जरवर आणि कुठल्याही पातळ केबलवर चालवला जातो. 28 गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे 0.21 ओहम असतो. जायची-यायची धरून 1 मीटरच्या केबलमध्ये 0.42 ओहम. स्ट्रीमर, डॅक आणि हार्ड डिस्क मिळून दीड अँपिअर ओढत असतील तर 0.6 व्होल्ट केबलमध्येच जिरले आणि बोर्डावर पोचले 4.4. व्होल्टेज 4.63 च्या खाली गेलं की पाय अंडर-व्होल्टेजची (व्होल्टेज कमी पडल्याची) नोंद करतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. मग डॅकला वेळेवर डेटा मिळत नाही. 24 गेजच्या केबलमध्ये हीच घट पाव व्होल्टची. पाय 4 असेल तर 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचा, केबल कायमची जोडलेली असते तो अ‍ॅडॅप्टर घ्या आणि हार्ड डिस्कला स्वतंत्र पुरवठा द्या. सिस्टिम लॉगमध्ये 'अंडर-व्होल्टेज' शब्द शोधा. सापडला तर पुढचं वाचण्याआधी अ‍ॅडॅप्टर बदला.

उष्णतेचंही तसंच. पाय 4 चा प्रोसेसर 80 अंशांना पोचला की वेग कमी करतो. मे महिन्यात बाहेर 42-43 आणि स्ट्रीमर बंद शोकेसमध्ये सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर, मग फटफट दुपारीच का येते हे विचारायला नको. त्याला बाहेर काढा, हीटसिंक लावा.

"सोन्याच्या मुलाम्याची यूएसबी केबल घ्या"

इथे अर्धं सत्य आहे. यूएसबीवरून हार्ड डिस्कचा डेटा चुकला तर तो परत मागवला जातो. ऑडिओ वेगळ्या पद्धतीने जातो: डेटाचं पाकीट चुकलं तर परत मागायची सोयच नाही, वेळ निघून गेलेली असते. त्यामुळे खराब केबलने फट् येते हे खरं. पण खराब म्हणजे सैल टोक, तुटकी जाळी, 5 मीटरपेक्षा जास्त लांबी किंवा मधे जोडलेला हलका हब. 1 मीटरची साधी, घट्ट बसणारी केबल हे काम पूर्ण करते. मुलाम्याने टोक गंजत नाही एवढंच, त्यातून जाणाऱ्या डेटाला फरक पडत नाही.

पैसे घालण्याआधी पोर्ट बदलून बघा. पाय 3 आणि त्याआधीच्या बोर्डांवर इथरनेट आणि सगळे यूएसबी पोर्ट एकाच यूएसबी 2 च्या वाटेने जातात. नेटवर्कवरून गाणं येतंय, हार्ड डिस्कही त्यावरच आणि डॅकही त्यावरच, अशी गर्दी झाली की फटफट होणारच. पाय 4 मध्ये इथरनेट स्वतंत्र आहे.

"वायफायमुळे आवाज बिघडतो"

वायफायवर हरवलेला डेटा परत मागवला जातो. तो आला तर जसाच्या तसा येतो, नाहीतर गाणं थांबतं. म्हणून वायफाय कमकुवत असल्याची खूण म्हणजे मधेच पडलेली शांतता, फटफट नव्हे. जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीआड राउटर असेल तर इथरनेट केबल ओढा, 100 मीटरपर्यंत अडचण नाही. यूएसबी 3 ची हार्ड डिस्क 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायला त्रास देते. तिला अँटेनापासून हातभर लांब ठेवा किंवा 5 गिगाहर्ट्झ वापरा.

"192 वर न्या"

हा सल्ला रोग वाढवणारा आहे. सीडीच्या दर्जाच्या गाण्याला सेकंदाला 1.41 मेगाबिट लागतात, 24 बिट आणि 192 किलोहर्ट्झला 9.2. डीकोड केलेल्या आवाजाचा 4 मेगाबाइटचा बफर (आगाऊ साठा) सीडीच्या दर्जाला सुमारे 23 सेकंद पुरतो, 192 ला जेमतेम साडेतीन सेकंद. त्यात सीडीच्या 44.1 किलोहर्ट्झचं 192 करताना प्रोसेसरला आवाजाचा प्रत्येक नमुना नव्याने मोजावा लागतो, यालाच रीसॅम्पलिंग म्हणतात. अनेक ऑप्टिकल इनपुट 96 च्या वर नीट चालतच नाहीत, तिथे तर सतत चरचर होते. रीसॅम्पलिंग बंद करा, फाइल जशी आहे तशी जाऊ द्या, बफर वाढवा.

मेसेजने एक प्रश्न विचारलाच नाही: फट् येते कधी?

गाणं बदलताना येते का? मग एक गाणं 44.1 चं आणि पुढचं 48 किंवा 96 चं आहे. डॅक नव्या दराचं घड्याळ पकडताना क्षणभर घसरतो. त्या डॅकपुरतं सगळं एकाच दराने पाठवा. रीसॅम्पलिंगचा खरा उपयोग इथे आहे. आधीच्या सल्ल्याला हा एकमेव अपवाद.

ठरावीक अंतराने येते का, दर सात-आठ मिनिटांनी? मग स्ट्रीमर आणि डॅक यांच्या आतल्या दोन घड्याळांचा मेळ बसत नाही. दहा लाखांत 50 इतका फरक असला तरी 44.1 वर सेकंदाला दोनाहून थोडे जास्त नमुने पुढे-मागे होतात आणि 1024 नमुन्यांचा बफर 464 सेकंदांत रिकामा होतो किंवा ओसंडतो. असिंक्रोनस यूएसबीचा (स्वतःच्या घड्याळाप्रमाणे डेटा मागवणारा) डॅक वापरला की घड्याळ एकच उरतं. दोन खोल्यांत एकत्र गाणी वाजवणाऱ्यांना ही तक्रार जास्त.

फक्त ढोलकी-ताशाच्या जोरदार ठोक्याला येते का? इक्वलायझर उघडा. बेस 6 डेसिबलने वाढवला असेल तर प्रीअ‍ॅम्प उणे 6 करा, नाहीतर आवाजाचे शेंडे कापले जातात.

एकाच स्पीकरमधून येते का? अ‍ॅम्प बंद करा, स्ट्रीमरच्या मागच्या डाव्या-उजव्या आरसीए पिना अदलाबदल करा, परत चालू करा. आवाज दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला तर दोष स्ट्रीमरच्या बाजूला. तिथेच राहिला तर केबल, अ‍ॅम्प किंवा स्पीकर. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, धुळीने आणि गंजानेही अशा तक्रारी होतात. अ‍ॅम्प चालू ठेवून पिना ओढू नका: दोन पिनांच्या अ‍ॅडॅप्टरमुळे स्ट्रीमर अर्थिंगला जोडलेला नसतो आणि जोडणाऱ्या क्षणी येणारा धक्का ट्वीटर (स्पीकरमधला बारीक आवाजाचा भाग) घालवू शकतो.

आणि एकाच गाण्यात, दर वेळी त्याच सेकंदाला येते का? मग सगळी यंत्रणा निर्दोष आहे. फाइल फाटलेली आहे. कॉपी होत असताना लाईट गेली की असं होतं. फ्लॅक (दर्जा न घटवता आकसलेल्या) फाइलमध्ये तपासणीचा आकडा साठवलेला असतो, संगणकावर फ्लॅकच्या टेस्ट पर्यायाने ती तपासा. तपासणीत नापास झाली तर मूळ सीडीवरून किंवा बॅकअपमधून परत घ्या. पास झाली तर फट् रेकॉर्डिंगमध्येच आहे, जुन्या एलपीवरून उतरवलेल्या गाण्यांत ती असतेच.