बिलापेक्षा फुटलेला कुकर सांभाळा

‘बिल नसेल तर कंपनीविरुद्ध दावा विसरा’ हे सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास भरपाई कशी मागावी यावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. बिल असलेलं बरंच, पण ऑर्डरचा मेसेज, यूपीआयची नोंद, वॉरंटी कार्ड यांवरूनही खरेदी दाखवता येते. शिवाय वस्तू स्वतः घेतलेली असायलाच हवी असंही नाही. घेणाऱ्याच्या संमतीने वापरणाराही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘ग्राहक’च आहे.

खरा मुद्दा लेखात आलाच नाही: फुटलेली वस्तू कुणाच्या हाती देऊ नका! आमच्या जाऊबाईंच्या कुकरचं झाकण उडालं, हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. कंपनीचा माणूस आला, गोड बोलून ‘तपासणीसाठी’ कुकर घेऊन गेला आणि काही दिवसांनी नवा कोरा कुकर दारात. जुन्याचा पत्ता नाही. आता शिट्टी जाम होती की सेफ्टी व्हॉल्व्ह वेळेवर वितळलाच नाही, हे कोण सांगणार? कंपनी मात्र ‘तुम्हीच डाळ काठोकाठ भरली असणार’ म्हणायला मोकळी; चुकीच्या वापराचा बचाव याच कायद्याच्या कलम ८७ मध्ये आहेच. दोष तपासायला ग्राहक आयोग (जिथे अशा तक्रारींचा निवाडा होतो) स्वतः वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण वस्तू हवी ना! झाकण, गॅस्केट, शिट्टी सगळं एका पिशवीत बांधून ठेवा, दवाखान्याच्या कागदावर ‘कुकर फुटून भाजलं’ असं लिहून घ्या. तक्रारीला मुदत दोन वर्षांची, आणि कंपनी दिल्लीची असली तरी ती आपल्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते.