पेनची बॅटरी चार्जिंगने मरत नाही, उपासाने मरते

टॅबलेट वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर स्टायलसबद्दल, म्हणजे पडद्यावर लिहायच्या पेनबद्दल, एक मेसेज फिरत असतो. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर साधारण असा: 'स्टायलसची बॅटरी वर्षानुवर्षे टिकवायची आहे? पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नका. टॅबलेटला चिकटवून ठेवू नका, सतत चार्ज होऊन बॅटरी खराब होते. बरेच दिवस लागणार नसेल तर बॅटरी पूर्ण उतरवून ठेवा. ब्लूटूथ बंद ठेवा. हलक्या हाताने लिहा.'

पाच सल्ले, आणि पाचही ठामपणे. त्यातला तिसरा तर महागडं पेन कायमचं बंद पाडण्याचा खात्रीचा मार्ग आहे. पण क्रमाने जाऊ.

'पूर्ण संपू द्या' हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या जमान्यातला. त्या वारंवार अर्धवट वापरून चार्ज केल्या की कमी भरायला लागत, अशी त्यांची ख्याती होती. आजच्या रिचार्जेबल पेनांमध्ये बहुतेक वेळा लिथियम-आयन बॅटरी असते आणि तिला ही खोड नाही. उलट दर वेळी तळ गाठल्यानेच ती लवकर थकते. शिवाय बॅटरीचं आयुष्य मोजतात ते पूर्ण फेऱ्यांमध्ये. आज अर्धी भरली, उद्या अर्धी भरली, तर मिळून एक फेरी झाली. प्लग किती वेळा लावला याला काही अर्थ नाही. पहिली अ‍ॅपल पेन्सिल २०१५ साली आली तेव्हा कंपनीच सांगत होती, पंधरा सेकंद लावा, अर्धा तास लिहा. थोडं थोडं चार्ज करणं पेनला सोसणार नसतं तर असं कुणी म्हटलं असतं का?

चुंबकाने चिकटवण्याच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. लिथियम-आयन बॅटरी महिनोन्‌महिने शंभर टक्क्यांवर आणि वर उष्णतेत राहिली तर लवकर म्हातारी होते. मे महिन्यात नागपुरात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत टॅबलेट आणि पेन सोडून जाणं वाईटच. पण घरातल्या टेबलावर पेन टॅबलेटला लावून ठेवलं म्हणजे त्यात वीज अखंड ओतली जाते, असं नाही. भरलं की चार्जिंग थांबतं, थोडं उतरलं की पुन्हा सुरू होतं. टॅबलेटची बॅटरी त्यात संपते, हीसुद्धा एक तक्रार असते. पहिल्या अ‍ॅपल पेन्सिलच्या बॅटरीची क्षमता उघडून पाहणाऱ्यांना ०.३२९ वॉट-तास दिसली. त्याच वर्षीच्या मोठ्या आयपॅड प्रोची होती ३८.५. एक टक्कासुद्धा भरत नाही.

खरी फसगत वेगळीच आहे. चिकटतं ते प्रत्येक पेन चार्ज होत नाही. २०२३ मध्ये आलेली यूएसबी-सी वाली अ‍ॅपल पेन्सिल आयपॅडच्या कडेला छान बसते, पण तिथे ती फक्त झोपते. तिला चार्ज करायला मागचं टोपण सरकवायचं, आत लपलेल्या खाचेत केबल लावायची. हे माहीत नसलेला माणूस पेन रोज नेटकं चिकटवतो आणि ऐन लेक्चरला ते मेलेलं निघतं.

आता तो तिसरा सल्ला, पूर्ण उतरवून ठेवायचा. त्याच ०.३२९ वॉट-तासांचे मिलिअँपिअर-तास केले तर जेमतेम ८६ होतात. फोनमध्ये चार-पाच हजार असतात. पेन झोपलेलं असलं तरी आतला सर्किटचा तुकडा जागं होण्याची वाट पाहत कणभर वीज खातच असतो. समजा तो २० मायक्रोअँप, म्हणजे ०.०२ मिलिअँपिअर खातो. भरलेलं पेन सहा महिने काढेल. दहा टक्के शिल्लक असताना कपाटात ठेवलं तर अठरा दिवसांत खडखडाट. आणि मुद्दाम उतरवून ठेवलं असेल तर पहिल्याच दिवसापासून उपास.

उपास लांबला की व्होल्टेज धोक्याच्या रेषेखाली, साधारण अडीच व्होल्टच्या खाली घसरतं. मग आतल्या तांब्याच्या पातळ पत्र्यातलं तांबं विरघळू लागतं. नंतर चार्ज करायला गेलं तर तेच तांबं भलत्या जागी साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. म्हणून संरक्षक सर्किट अशा बॅटरीला चार्जच घेऊ देत नाही. पहिल्या अ‍ॅपल पेन्सिलबाबत ही तक्रार जुनीच आहे: काही महिने ड्रॉवरमध्ये पडली आणि मग केबल लावूनही आयपॅडच्या बॅटरी विजेटमध्ये तिचं नाव येईना. बॅटरी बदलावी म्हटलं तर पेन्सिल न फोडता आत जाता येत नाही. दुरुस्तीच्या सोयीसाठी, उपकरणं उघडून पाहणाऱ्या आयफिक्सिट या कंपनीने तिला दहापैकी एक गुण दिला होता.

लांबच्या सुट्टीसाठी पेन निम्मं भरून, थंड जागी ठेवावं आणि अधूनमधून चार्ज करावं. फोनला सहा महिन्यांनी चालतं, पण पेनची टाकी एवढीशी, तेव्हा महिना-दोन महिन्यांनी बघितलेलं बरं. ज्या पेनात बारीक एएएए सेल लागतो, उदाहरणार्थ मायक्रोसॉफ्टच्या सरफेस पेनच्या बऱ्याच आवृत्त्या, तिथे सेल काढूनच ठेवा. अल्कलाइन सेल पाझरला की स्प्रिंगवर पांढरी खार चढते आणि पेनच जातं. (दुकानात नीट बघून घ्या, एएएए मागितला की हातात एएए ठेवतात, आणि तो जाडीमुळे आत शिरतच नाही.)

ब्लूटूथचं उत्तर पेनागणिक बदलतं. आयपॅडचं ब्लूटूथ बंद केलं तर अ‍ॅपल पेन्सिल लिहीतच नाही, छान बचत! सरफेस पेनात ब्लूटूथ वरच्या बटणापुरतं, लिहिणं त्याच्याशिवाय चालतं. सॅमसंगच्या एस पेनला तर लिहायला बॅटरीच लागत नाही, पडद्यामागची जाळी चुंबकीय क्षेत्रातून त्याला हवी तेवढी वीज देते. २०१८ च्या नोट ९ या फोनमध्ये त्यात ब्लूटूथ आलं ते लांबून फोटो काढण्यासारख्या कामांना, आणि त्यासाठी बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर, म्हणजे झटपट भरणारा वीज साठवणारा छोटा भाग बसवला: चाळीस सेकंदांत भरणारा, अर्धा तास किंवा दोनशे क्लिक चालणारा. २०२५ च्या एस २५ अल्ट्रा फोनमध्ये पेनातलं ब्लूटूथच काढून टाकलं. ते कधीही चार्ज करू नका, बिनधास्त लिहा.

हलक्या हाताबद्दल एवढंच, की वीज लागते ती पेन जागं राहायला आणि पडद्याशी बोलायला. दाब मोजण्यात जाणारा वाटा नगण्य. जोर कमी केला तर टोक झिजायचं वाचेल, बॅटरी नाही.

मेसेज वाचून पेन आधीच उतरवून ठेवलं असेल तर आजच काढा आणि चार्जिंगला लावून तासभर हात लावू नका. रेषेच्या थोडं वर असलेली बॅटरी कधीकधी हळूहळू उठते. तरीही टॅबलेटला ते दिसत नसेल, तर वॉरंटीचा कागद शोधा आणि सर्व्हिस सेंटर गाठा. बाहेरून थेट वीज देऊन 'उठवण्याचे' व्हिडिओ असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.