युरेनसची मोहीम अजून कागदावरच

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘नासाने मंगळ सोडला! 2031 ला यान युरेनसकडे, तारीख पक्की.’ पक्कं काहीच नाही.

अमेरिकेत दर दहा वर्षांनी शास्त्रज्ञांची समिती ग्रहमोहिमांचा प्राधान्यक्रम सुचवते. एप्रिल 2022 च्या अहवालात नव्या मोठ्या मोहिमांत युरेनस पहिला आला, शनीचा चंद्र एन्सेलॅडस दुसरा. पण ही झाली शिफारस. पैसा तिथली संसद मंजूर करते, आणि घोडं तिथेच अडतं. 2031-32 हा काळ सुचवला, कारण तेव्हा वाटेत गुरूच्या गुरुत्वाकर्षणाने यानाचा वेग वाढवता येतो. तरीही प्रवास बारा-तेरा वर्षांचा!

मंगळ सोडा, असंही अहवाल म्हणत नाही. उलट तिथले दगड-मातीचे नमुने पृथ्वीवर आणायचं काम आधी तडीस न्या, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पुढे तेच काम खर्चापायी रखडलं, तो भाग वेगळा.

मेसेजसोबतचा निळसर गोळ्याचा फोटो मात्र अस्सल आहे. व्हॉयेजर 2 ने तो जानेवारी 1986 मध्ये टिपला; त्यानंतर युरेनसजवळ कुठलंच यान गेलेलं नाही.