दार लोटलेलं हवं, कुलूपबंद नको

‘मुख्य फाटक सोडून बाकी सगळी दारं शाळेच्या वेळेत कुलूपबंद ठेवावीत’ हे शाळांच्या सुरक्षेवरच्या लेखातलं वाक्य वाचून दचकलोच. मी शिकवायचो तिथे मागच्या जिन्याच्या दाराला असंच कुलूप असायचं. आग लागल्यास बाहेर पडायच्या पहिल्या सरावाला (मॉक ड्रिल) पाचवीची मुलं रांगेने उतरून त्या दाराशी थांबली, मागून सहावीची येऊन भिडली, आणि शिपाईमामा जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघताहेत! मागची मुलं हसत होती, ड्रिलच ना. दाराला चेपलेली पुढची मुलगी मात्र हसत नव्हती. बाहेरच्याला अडवायचं आणि आतल्याला सोडायचं, ही दोन्ही कामं एकच दार करतं. बाहेरून हँडलच नको, आतून आडवी दांडी ढकलली की ते बाहेरच्या बाजूला उघडायला हवं. सोबत अलार्म लावला की कोणी उगाच उघडलं तर तेही कळतं.

जिन्यावरच्या अग्निरोधक, म्हणजे बंद असताना आग-धूर अडवणाऱ्या दारांचा तर लेखात उल्लेखच नाही. १९५८ साली शिकागोतल्या एका शाळेच्या आगीत ९२ मुलं आणि ३ शिक्षिका गेल्या. खालच्या मजल्याला जिन्यापाशी दार होतं, तिथे आग अडली. वरच्या मजल्याला नव्हतं, धूर थेट तिथे पोचला. हे माहीत असूनही आपण वारा यावा म्हणून असल्या दाराला वीट लावून ते उघडं ठेवतो. मीही लावलीय.