रिकव्हरी सीडी नाही म्हणून लॅपटॉप फॉरमॅट करायला देऊ नका

‘लॅपटॉप सुरू होत नाही आणि रिकव्हरी सीडी हरवलीय? मग विंडोज कायमचं गेलं. फॉरमॅट मारा, नवीन लायसन्स घ्या. हार्डडिस्क खराब असेल तर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. चार्जर काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून पाहा.’

हा मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिने लॅपटॉप दुकानात नेला आणि ‘फॉरमॅट करा’ असं स्वतःच सांगितलं. शिवणक्लासचे नऊ वर्षांचे हिशेब आणि काकांचे शेवटच्या वर्षातले फोटो त्यात होते. मला फोन आला तो सगळं झाल्यावर.

सीडीचं म्हणणं विंडोज ७ च्या काळात थोडंफार खरं होतं, तेवढं मान्य. पण २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हापासून विंडोजसकट विकलेल्या लॅपटॉपची लायसन्स-की, म्हणजे विंडोजचा परवाना क्रमांक, मदरबोर्डवरच्या चिपमध्येच असते. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज टाकायचा ८ जीबीचा पेनड्राइव्ह फुकट तयार करता येतो. त्यावरून तीच आवृत्ती पुन्हा टाकली की ती नेटवर आपोआप ॲक्टिव्हेट होते. नवीन लायसन्सचे पैसे कशाचे?

आता फॉरमॅट. विंडोज सुरू न होणं आणि आपल्या फायली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लोकांना कोणी सांगतच नाही! १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभर विमानतळांवर, बँकांत निळे पडदे आले. मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख मशीन बंद पडली. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतं सुरू करून, एक फाइल डिलीट करायची. त्यासाठी फॉरमॅटची गरज नव्हती. तुमच्या लॅपटॉपला नेमकं हेच झालंय असं नाही, पण आधी दुरुस्ती करून बघायची असते, ती अशी.

विंडोज दोन-तीनदा अर्ध्यावर अडकलं की दुरुस्तीचा निळा पडदा बहुधा स्वतःच येतो. नाही आला तर त्याच पेनड्राइव्हवरून सुरू करून ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ (नव्या विंडोज ११ मध्ये ‘रिपेअर माय पीसी’) निवडा. तिथे स्टार्टअप रिपेअर आहे, शेवटचं अपडेट काढून टाकायची सोय आहे. तेही फसलं तर उबंटूचा (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) पेनड्राइव्ह लावा, ‘ट्राय उबंटू’ निवडा, इन्स्टॉल मुळीच करू नका, आणि फायली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या. डिस्क बिटलॉकरने (विंडोजचं डिस्क-कुलूप) कुलूपबंद असेल तर ४८ आकडी की लागेल. ती बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. हे सगळं करून झाल्यावरच फॉरमॅटचा विचार.

फ्रीजरबद्दल एवढंच की बाहेर काढल्यावर डिस्कवर दव धरतं. आत माहिती वाचणारं टोक, रीड-हेड, फिरत्या तबकडीपासून केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगत असतं, तिथे दवाला जागाच नाही. आजारी डिस्क अशाने मरते.

पॉवर बटणाचा उपाय कधीकधी चालतो, नाइलाजाने मान्य करतो. साठलेला चार्ज निघून जातो आणि मुळीच ऑन न होणारा लॅपटॉप उठतो. पण विंडोजची फाइल बिघडली असेल तर बटण दाबून काही होत नाही.

मावशीच्या डिस्कवर कालपासून फोटोरेक, म्हणजे गेलेल्या फायली शोधून काढणारं सॉफ्टवेअर, चालवतोय. फायली निघताहेत, पण त्यांची मूळ नावं गेलीत. काही हिशेब मिळाले. काकांचे अकरा फोटो मिळाले, त्यातले चार अर्धवट.