लाल मिडी आणि सहा इंच

नवरात्रात मंगळवार आला की रंग लाल. सोमवारी पांढरा, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा. वाराप्रमाणे सगळं ठरलेलं, तिथे कुणाचं काही चालत नाही. गेल्या वर्षी मी ऑफिसात लाल साडी नेसून गेले, तर ग्रुप फोटोत मला मीच सापडेना. म्हणून यंदा ठरवलं, लाल मिडी ड्रेस.

मोबाईलवर दिसला तो कुंकवासारखा लाल होता. घातलेली मुलगी समुद्रावर उभी, घेर वाऱ्यावर, आणि कड बरोब्बर पोटरीवर. खाली बारीक अक्षरांत तिची उंची होती, ५ फूट ९ इंच. माझी ५ फूट. ती ओळ मी वाचली नाही असं नाही. वाचली आणि पुढे गेले.

पार्सल आलं. ट्यूबलाइटखाली ड्रेस टोमॅटोसारखा, गॅलरीत नेला तर गाजरासारखा. लांबी ४६ इंच. तिच्या पोटरीवर संपणारी ही लांबी माझ्या घोट्यापर्यंत उतरली. १९७० साली अमेरिकेतल्या दुकानांनी मिनीच्या जागी मिडी बायकांच्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला, तेव्हा तिथल्या बायकांनी विरोधासाठी चक्क संघटना काढल्या होत्या. त्यातल्या निम्म्या तरी माझ्याच उंचीच्या असणार.

सासूबाईंनी चष्मा लावून ड्रेस उलटसुलट पाहिला. "छान आहे गं. पण हे आतलं झालं. वरचं कधी येणार?"

कोपऱ्यावरच्या टेलरकाकांकडे गेले. त्यांनी मला स्टुलावर उभं केलं, दोन टाचण्या ओठांत धरल्या आणि खडूने पहिली रेघ मारली. आरशात बघितलं तर माझे पाय उखळात उभ्या केलेल्या मुसळांसारखे. "पोटरी जिथं जाड, तिथं कड आणायची नाही वहिनी," काका टाचण्यांआडून म्हणाले, "दोन बोटं खाली घेऊ." दोन बोटं खाली घेतली आणि खरंच पाय जरा माणसाचे दिसायला लागले. हे ज्ञान मला त्या समुद्रावरच्या मुलीने दिलं नव्हतं. "दुमडू की कापू? दुमडलं तर पुढे मुलीला होईल." मी म्हटलं, कापा. काकांनी अख्खा घेर कापून सहा इंचांची पट्टी गुंडाळून माझ्या हातात दिली. साधारण त्या पट्टीएवढेच पैसे फुकट गेले, असा हिशोब मी मनात केला.

मग तुळशीबागेतून बेल्ट आणला, कानातले आणले. कॉलेजातल्या कन्येने फर्मान काढलं, "याच्यावर पांढरे स्नीकर्सच." झालं. सगळं जमलं होतं. फक्त मी ऑफिसला स्कूटरवर जाते, हे आम्ही सगळेच विसरलो होतो.

स्कूटरवर बसले की कापलेल्या सहा इंचांच्या वर आणखी सहा इंच आपोआप कमी होतात. म्हणून आत लेगिंग्ज. ड्रेस बिनबाह्यांचा, आणि ऑक्टोबरचं ऊन म्हणजे तापलेला तवा. म्हणून वरून पांढरा सनकोट. पुण्याच्या धुळीसाठी डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ. ऑफिसात पोचून सनकोट काढला, स्कार्फ सोडून गळ्यात टाकला, तोच शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "अय्या, पंजाबी ड्रेस मस्त आहे! ओढणी सेटमधलीच का?"

संध्याकाळी घरी आले तर देव्हाऱ्यापुढे सासूबाई प्रसन्न बसलेल्या. त्या पट्टीला घड्या घालून, कडेला जुन्या साडीची जर लावून त्यांनी अन्नपूर्णेखाली आसन केलं होतं. समईच्या उजेडात रंग अगदी कुंकवासारखा दिसत होता. फोटो काढून त्यांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला. रात्रीपर्यंत सत्तावीस जणींनी हात जोडले आणि नागपूरच्या मावसनणंदेने विचारलं, कापड कुठून घेतलं?

माझ्या फोटोखाली एकच अंगठा होता. टेलरकाकांचा.